बोर्मिओ की लिविन्यो? होळीच्या आठवड्यातली बर्फाची सफर

माझा धाकटा भाऊ आणि भावजय नोकरीसाठी मिलानमध्ये राहतात. २०२५च्या मार्चमध्ये आम्ही पुण्याहून त्यांच्याकडे गेलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि सत्तरी ओलांडलेली आई. एक आठवडा बर्फात आणि सगळ्यांनी मिळून घालवायचा, हे आधीच ठरलं होतं. गाव मात्र ठरेना. भाऊ म्हणे लिविन्यो, भावजय म्हणे बोर्मिओ.

दोन्ही गावं उत्तर इटलीत, वाल्तेल्लीना खोऱ्याच्या अगदी वरच्या अंगाला, एकमेकांपासून चाळीस किलोमीटरच्या आत. मध्ये फोस्कान्योचा घाट. कागदावर पाहिलं तर लिविन्योचं पारडं जड. गाव १८१६ मीटरवर, स्कीचे उतार सुमारे ११५ किलोमीटर, हंगाम नोव्हेंबरअखेरीपासून थेट मेच्या तोंडापर्यंत. बोर्मिओ १२२५ मीटरवर, उतार साधारण ५० किलोमीटर. पण तिथे शेकडो वर्षांचं दगडी गाव आहे आणि गरम पाण्याचे झरे आहेत. भावाला उतार हवे होते, भावजयीला गाव. “दोन्हीकडे राहू, मग काय ते बोला,” असं आईने सांगितलं आणि विषय मिटला.

शनिवार : मिलान ते बोर्मिओ

मिलान सेंत्राले स्टेशनवरून तिरानोची गाडी पकडली. अडीच तासांचा प्रवास. लेक्को मागे पडलं की गाडी कोमो सरोवराच्या अगदी काठाने धावते. डावीकडची खिडकी मिळवा; वारेन्नापर्यंत पाणी नजरेआड होत नाही. पुढे कोलिकोनंतर वाल्तेल्लीना सुरू होतं. डोंगराच्या उन्हाच्या बाजूला दगड नुसते एकावर एक रचून बांध घातले आहेत आणि त्या पायऱ्यांवर द्राक्षाच्या वेली. मार्चमध्ये वेलींवर पान नव्हतं, त्यामुळे बांधांची सगळी रचना उघडी दिसत होती. चुना नाही, सिमेंट नाही. आईचं माहेर कोकणातलं, गडग्यांच्या गावातलं. ती बराच वेळ खिडकीशी बसून होती.

तिरानोहून बोर्मिओला बस जाते, तासाभराची. शेवटच्या टप्प्यात डोंगराचा एक अख्खा उतार सोलून निघालेला दिसतो. २८ जुलै १९८७ रोजी वाल पोला इथे हा डोंगर कोसळला. त्याआधी दिवसच्या दिवस पाऊस लागला होता. सुमारे चार कोटी घनमीटर दगडमाती खाली आली आणि सांत अंतोनियो मोरिन्योने हे गाव तिच्याखाली गेलं. नव्या रस्त्याचा बराच भाग आता बोगद्यांतून जातो. आमच्या पुणे जिल्ह्यातलं माळीण गेलं तेही जुलैअखेरीलाच, ३० जुलै २०१४ला. बसमध्ये कोणी काही बोललं नाही. तो उतार दिसला की लेकीसारख्या मुलांना हे सांगायला हवं असं मला वाटतं. डोंगरात सुट्टीला येणाऱ्याला डोंगराचं हेही माहीत असावं.

रविवार : गाव

बोर्मिओत आम्ही एका कुटुंबाच्या घराचा वरचा मजला घेतला होता. घरमालकीण साठीच्या. इंग्रजी मोजकं, पण भावजयीला इटालियन चांगलं येतं. सकाळी त्या स्वतःहून आम्हाला गाव दाखवायला निघाल्या.

काव्हूर चौकात चारी बाजूंनी उघडा, वर दगडी पत्र्यांचं छप्पर असलेला एक मंडप आहे. त्याला कुएर्क म्हणतात. बोर्मिओ एके काळी बऱ्याच अंशी स्वतःचा कारभार स्वतः पाहत असे. व्हेनिसकडून आल्प्सपलीकडे जाणारा व्यापार इथून जायचा, त्याच्या जकातीवर गाव सधन झालं. न्यायनिवाडा या मंडपात व्हायचा आणि लोकांना बोलवायला शेजारच्या मनोऱ्यावरची घंटा वाजायची. पुढे गल्लीतून उतरत गेलं की फ्रोदोल्फो नदीवरचा जुना कोम्बो पूल लागतो. आई त्या पुलावर थांबली, पण तिथवरची वाट दगडगोट्यांची आणि सकाळच्या वेळी निसरडी होती. वयस्कर माणसं बरोबर असतील तर बुटाला खालून लावायचे काटेरी रबरी पट्टे पहिल्याच दिवशी विकत घ्या. खेळाच्या कुठल्याही दुकानात मिळतात, आणि आमचं त्यांच्यावाचून पान हललं नसतं.

घरमालकीणबाईंनी पास्क्वालीबद्दल, म्हणजे ईस्टरच्या देखाव्यांबद्दल सांगितलं. बोर्मिओचे पाच मोहल्ले आहेत. प्रत्येक मोहल्ल्यातली माणसं हिवाळाभर एखाद्या गोठ्यात नाहीतर गोदामात बसून देखावा तयार करतात: लाकूड, शेवाळ, पानंफुलं, मध्ये कोकरू. ईस्टरच्या रविवारी तरुण मुलं तो देखावा खांद्यावर घेऊन चौकात आणतात. तोवर कोणी काय केलंय हे दुसऱ्या मोहल्ल्याला कळू द्यायचं नाही. बाईंचा मुलगा रोज रात्री जेवण झालं की तिकडे जात होता. “आम्हाला दाखवाल का?” असं लेकीने विचारलं. बाईंनी हसून ठाम नकार दिला. “तू पाहुणी आहेस, पण तुझी ओळख दुसऱ्या मोहल्ल्यात झाली तर?” त्यांचं बोलणं पूर्ण गंभीर होतं आणि मला ते फार आवडलं. वाहनांच्या रांगांवर आणि हॉटेलांवर जगणाऱ्या गावाने स्वतःसाठी काहीतरी राखून ठेवलेलं आहे.

रात्री पित्सोक्केरी खाल्ले. कुट्टूच्या पिठाच्या करड्या, जाडसर पट्ट्या, त्याबरोबर शिजवलेला बटाटा आणि कोबी, वर कझेरा चीज आणि लसूण घालून तापवलेलं लोणी. पोटभरीचं, थंडीत अंगाला लागणारं जेवण. आईने अर्धी थाळी संपवली आणि बरोबर आणलेली हिरव्या मिरचीची चटणी काढली. वाढणाऱ्या मुलाने ती मागून चाखली आणि स्वयंपाकघरात न्यायची परवानगी मागितली.

शाकाहारी लोकांसाठी थोडं इथेच सांगते. पित्सोक्केरी, पोलेंता ताराञ्या (मका आणि कुट्टूच्या पिठाचा चीज घातलेला दाट सांजा) आणि ‘श्यात’ (चीज भरलेली कुट्टूची भजी) यांत मांस नसतं. मात्र श्यातच्या पिठात बहुधा थोडी ग्रापा, म्हणजे द्राक्षांची दारू, घालतात. इथल्या पारंपरिक चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारावं. ब्रेझाओला हे या खोऱ्याचं प्रसिद्ध सुकवलेलं मांस गाईबैलाचं असतं आणि सॅलडवरही येतं, तेव्हा मागवताना नीट सांगा. स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचला बंद होतात ती संध्याकाळी सातला उघडतात. लेकीच्या पिशवीत नेहमी लाडू ठेवलेले बरे.

सोमवार : बोर्मिओचे उतार

गावाच्या कडेवरूनच केबलचा पाळणा निघतो आणि बोर्मिओ २००० या मधल्या थांब्याला सोडतो. तिथून दुसरी केबलकार ३०१२ मीटरवर, चीमा बियांकाला जाते. भाऊ थेट वर गेला आणि शिखरापासून गावापर्यंत जवळजवळ अठराशे मीटरचा उतार न थांबता उतरला. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की त्याचं मत डळमळलं आहे.

आमची तिघांची शिकवणी बोर्मिओ २०००वर होती. शिकणाऱ्यांसाठी सरकता पट्टा आणि छोटा उतार आहे, पण तो संपला की पुढे काय, हा प्रश्न लगेच येतो. डोंगर उत्तर-वायव्येकडे तोंड करून आहे. त्यामुळे बर्फ छान टिकतो, पण सकाळी तो कडक असतो आणि कडक बर्फावर नवशिक्याला स्कीची कड रोवणं जमत नाही. शिकवणाऱ्या बाई शांत होत्या. “गुडघे पुढे, हात पुढे, नजर पुढे,” एवढंच पुन्हा पुन्हा. दुपारपर्यंत लेक वळायला लागली. पण मोठ्यांना पुढचा उतार सरळ लाल वाटेवर नेतो हे पाहून आम्ही तिथेच थांबलो. इटलीत निळी वाट सोपी, लाल मध्यम आणि काळी अवघड. लाल म्हणजे मध्यम असं वाचून निघू नका. बोर्मिओची लाल वाट चांगलीच उतरती आहे.

आणि काळी वाट म्हणजे स्तेल्विओ. पुरुषांच्या विश्वचषक डाउनहिल शर्यतीतली ही सर्वांत कठीण वाटांपैकी एक. सुरुवात २२५५ मीटरवर, शेवट गावाच्या कडेला १२४५ मीटरवर. सुरुवातीलाच ६३ टक्क्यांचा उतार, आणि पुढचं सव्वातीन किलोमीटर अंतर खेळाडू दोन मिनिटांच्या आत कापतात. १९८५ आणि २००५च्या जागतिक स्पर्धा बोर्मिओत झाल्या. इटलीचा डोमिनिक पारिस या वाटेवर अनेकदा जिंकला आहे. २०२६च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या आल्पाइन शर्यतींसाठीही हीच वाट ठरलेली. त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा खाली सगळीकडे क्रेन आणि माती होती. टीव्हीवर हा उतार सपाट दिसतो. आम्ही आईला पाळण्यातून वर आणलं होतं. कठड्याशी उभं राहून ती खाली बघत म्हणाली, “इथून मुद्दाम येतात? आणि घाई करून?”

मंगळवार : गरम पाणी

या दिवसासाठी भावजयीने बोर्मिओ मागितलं होतं. गावाच्या वर, स्तेल्विओ खिंडीच्या रस्त्याला, कड्याला लगटून बान्यी वेक्की म्हणजे जुनी स्नानगृहं आहेत. पाणी डोंगरातून सुमारे ३६ ते ४३ अंशांवर येतं. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत बोर्मिओच्या या स्नानांचा उल्लेख आहे. डोंगराच्या पोटात खोदलेली एक वाट आहे; जसं आत जावं तशी वाफ वाढत जाते आणि घाम निथळतो. बाहेर उघड्यावरचा हौद, खाली पूर्ण बोर्मिओचं खोरं, आणि कठड्यावर बर्फ.

आई पाण्यात उतरणार नाही असं आम्ही गृहीत धरलं होतं. तिने पोहण्याचा पोशाख पुण्यातूनच घेऊन ठेवला होता. आम्हाला सांगितलं नव्हतं एवढंच. हौदात एका जर्मन आजींशी तिची गट्टी झाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण गुडघा कुठे दुखतो हे दोघींनी बोटाने दाखवलं, आणि मग बराच वेळ शेजारी शेजारी बसून राहिल्या. संध्याकाळी जिना चढताना आईने कठडा धरला नाही.

इथे शनिवार-रविवार टाळा आणि आधी जागा राखा. लहान मुलं असतील तर गावातलं तेर्मे हे स्नानगृह बरं. तिथे पोहायचे तलाव आहेत, खर्चही कमी. रक्तदाबाच्या लोकांनी वाफेच्या गुहेत फार वेळ बसू नये. आईला आम्ही तिथून लवकर बाहेर काढलं.

बुधवार : घाट ओलांडून

लिविन्योची बस फोस्कान्यो घाट चढते. माथा २२९१ मीटरवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना यंत्राने कापलेल्या बर्फाच्या भिंती. भावाने इथे एक गोष्ट सांगितली ती लेकीने वहीत लिहून घेतली: बोर्मिओचं पाणी अद्दा नदीतून पो नदीत आणि तिथून एड्रियाटिक समुद्रात जातं, घाटाच्या या बाजूचं पाणी श्पोल नदीतून इन, मग डॅन्यूब, आणि शेवटी काळ्या समुद्रात. म्हणजे लिविन्यो इटलीत असलं तरी त्याचं पाणी इटलीकडे पाठ करून वाहतं. घाटाखाली त्रेपाल्ले ही वस्ती, दोन हजार मीटरच्याही वर, बारमाही राहती. बसमधून एक आजोबा तिथे उतरले, हातात भाजीची पिशवी, आणि कंबरभर बर्फातल्या पाऊलवाटेने घराकडे गेले.

हिवाळ्यात लिविन्योला यायचे रस्ते दोनच: हा घाट, किंवा स्वित्झर्लंडकडून मुंत ला शेरा बोगदा. बोगदा एकेरी आहे, टोल लागतो, आणि शनिवारी रांगा लागतात. फोर्कोला खिंड हिवाळ्यात बंद असते. नकाशा ती जवळची वाट म्हणून दाखवेल, तिकडे वळू नका.

गुरुवार : लिविन्यो आणि होळी

लिविन्योचं खोरं सपाट, रुंद आणि उन्हाचं. गाव त्यात लांबलचक पसरलं आहे, बहुतेक घरं लाकडी. एका बाजूला कारोसेल्लो ३०००, समोरच्या बाजूला मोत्तोलिनो, हे दोन स्कीचे डोंगर, आणि गावाला लागूनच कमी चढाचे, रुंद, सोपे उतार. इथे शिकणं वेगळंच झालं. ऊन होतं, बर्फ मऊ होता, पुढे बघावं तर मोकळी जागा. बोर्मिओत जे अंगात भीती धरून केलं होतं ते इथे आपोआप झालं. दुपारी नवरा आणि लेक चेअरलिफ्टने वर जाऊन निळ्या वाटेने स्वतः उतरले. मी मागून येत होते. लेक वळणावर थांबली आणि वडिलांना म्हणाली, “बाबा, पायांकडे बघू नका.”

मला खरं आश्चर्य वाटलं ते आईचं. आमच्या वाचनात सगळीकडे एकच सल्ला होता की स्की न करणाऱ्यांनी बोर्मिओला राहावं. पण लिविन्योच्या तळाला क्रॉस-कंट्री स्कीच्या मार्गांशेजारून पायी चालायची साफ केलेली वाट आहे. चढ नाही, दगडगोटे नाहीत, मध्ये मध्ये उन्हात बाकडी. आई सकाळी एकटी निघायची आणि जेवायच्या वेळी परत यायची, कोण कोण भेटलं ते सांगत. एका माणसाने तिला लाकडाच्या भुशाखाली बर्फ झाकून उन्हाळाभर टिकवतात तो प्रकार समजावून सांगितला, म्हणजे हंगामाआधीच खेळाडूंना सरावाला मार्ग तयार मिळतो. बोर्मिओत तिला प्रत्येक वेळी कोणाचा तरी हात लागत होता. बरोबरचं माणूस स्की करत नसेल, तर त्याला काय आवडेल एवढं विचारून भागत नाही; त्याला एकट्याला कुठवर चालता येईल हे बघून गाव निवडा.

त्या दिवशी होळी होती. भावजयीने मिलानहून पुरणपोळ्या करून, गोठवून आणल्या होत्या. भाड्याच्या घराच्या छोट्या शेगडीवर तव्याऐवजी पसरट पॅनमध्ये त्या गरम केल्या. इथल्या दूध सहकारी संस्थेत आई दुपारीच जाऊन आली होती; तिथलं लोणी आणून तिने तूप कढवलं. घरभर वास सुटला तेव्हा शेजारच्या खोलीतलं पोलिश जोडपं दारात आलं. त्यांना बसवून वाढलं. आत काय आहे हे सांगताना भावाने “डाळ” म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना, आणि त्यांनी आणखी एक एक मागून घेतली.

शुक्रवार : बर्फ पडला

रात्रभर बर्फ पडला आणि सकाळीही थांबला नाही. वर काही दिसत नव्हतं. पांढऱ्यावर पांढरं पडलं की उतार कुठे संपतो हे डोळ्यांना कळत नाही. नवशिक्यांनी अशा दिवशी खालीच राहावं. भाऊ मात्र मोत्तोलिनोवर गेला आणि बोंबार्दिनो पिऊन आला. अंड्याच्या पिवळ्या बलकाचं लिकर, ब्रँडी आणि वर साय. हे पेय इथेच जन्मलं असं इथले लोक सांगतात.

आम्ही बाजारात फिरलो. लिविन्योला करमाफी नेपोलियनच्या काळापासून चालत आली आहे. घाटांनी हिवाळाभर तुटलेल्या गावात लोकांनी टिकून राहावं हा त्यामागचा हेतू. आज त्याची अत्तरांची, दारूची आणि खेळाच्या सामानाची दुकानांमागून दुकानं झाली आहेत. हातमोजे आणि गॉगल इथे घेतले तर पैसे वाचतात, पण बाहेर नेण्याला मर्यादा आहेत आणि फोस्कान्योवर तपासणी होते. पावत्या हाताशी ठेवा. मला हा रस्ता आवडला नाही. बोर्मिओच्या गल्लीत जे गावपण जाणवलं ते इथे शोधावं लागतं. ते आहे, पण दूधसंस्थेत, त्रेपाल्लेच्या पाऊलवाटेवर, बाजारापासून लांब.

धुळवडीचा रंग नव्हता. लेकीने भावाच्या पाठीवर बर्फाचे गोळे मारून ती साजरी केली.

काही उपयोगाचं: इटलीत स्की करताना दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा २०२२पासून सक्तीचा आहे, पाससोबत काढता येतो. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ येतात का ते वेगळं तपासा. हेल्मेट २०२५-२६च्या हंगामापासून सगळ्या वयांसाठी सक्तीचं झालं आहे. शिकण्याच्या पहिल्या दिवशी पूर्ण डोंगराचा पास घेऊ नका. शाळेला विचारा, सोप्या उतारापुरतं तिकीट बहुधा मिळतं. आणि लिविन्योत फोन आपोआप स्विस नेटवर्क पकडू शकतो, तेव्हा रोमिंगवर लक्ष ठेवा.

शनिवार : परत

ताज्या बर्फामुळे बस बरीच उशिरा आली, चाकांना साखळ्या लावून. घाटावर तपासणी झाली, आईच्या पिशवीतला चीजचा गोळा बघून अधिकारी “चांगलं निवडलंत” म्हणाला. बसमध्ये भाऊ आणि भावजय यांची चर्चा पुन्हा सुरू झाली, फक्त बाजू बदलून. त्याला आता चीमा बियांकावरून उतरायला पुन्हा बोर्मिओला जायचं होतं. तिचं म्हणणं, आई असतील तर लिविन्योच, आणि एक दिवस बसने येऊन गरम पाण्यात बसायचं. मी भावजयीच्या बाजूने आहे. नवीन शिकणारे आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर मुक्काम लिविन्योला टाका. चांगली स्की येणारे दोघंच असाल, किंवा स्कीपेक्षा गाव आणि स्नान हवं असेल, तर बोर्मिओ.

बस उशिरा असल्याने ठरलेली गाडी चुकली. लिविन्योहून परतताना तिरानोच्या गाडीआधी दोन तास मोकळे ठेवा, हे मी आता सगळ्यांना सांगते. ते तास वाया मात्र जात नाहीत. मादोन्ना दि तिरानो देवळासमोरच्या चौकातून बेर्निनाची लाल रेल्वे मोटारींच्या मधून, रस्त्यावरूनच जाते, आणि शेजारच्या बेकरीत अंजीर-अक्रोड घातलेली बिश्योला मिळते. आम्ही एक घेतली, लगेच दुसरी घेतली, आणि पुढच्या गाडीत बसलो.